अपिलाची मुदत टळली असेल तर आधी तारखांचा कागद करा

शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना मला बावीस वर्षं झाली. "मॅडम, मुदत गेली, आता काही होईल का?" असं विचारणारं कोणी ना कोणी दर आठवड्याला येतंच. होऊ शकतं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातलं कलम ५ त्यासाठीच आहे. वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं, हे पटवून दिलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. ही सोय अपिलाला आणि बहुतेक अर्जांना आहे. मूळ दावाच उशिरा लावला असेल तर नाही.

सुरुवातीच्या काळात एका आजींच्या अर्जात मी नुसतं "आजारपणामुळे उशीर झाला" असं लिहिलं होतं. डिस्चार्ज कार्ड होतं अकरा दिवसांचं, उशीर होता चार महिन्यांचा. समोरच्या वकिलांनी विचारलं, "बाकीचे दिवस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. आजी खऱ्याच आजारी होत्या, कमी पडलं ते माझं लिहिणं. तेव्हापासून मी कारण नंतर ऐकते, तारखा आधी मागते.

उशीर किती हे आधी नीट मोजा. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९०. निकालाचा दिवस धरायचा नाही. निकालाची प्रमाणित नक्कल, म्हणजे कोर्टाने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत, तयार व्हायला लागलेले दिवस त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे हिशेबातून वजा होतात. प्रमाणित नक्कल उलटून पाहा. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, हातात कधी दिली, या तारखा शिक्क्यात असतात. वजावट मिळते ती नक्कल तयार होईपर्यंतची. तयार नक्कल तुम्ही पंधरा दिवस उचललीच नाहीत, तर ते दिवस तुमच्या खात्यावर.

भोरकडच्या एका काकांचं उदाहरण देते. निकाल ३ मार्चचा. नकलेचा अर्ज १० मार्चला, नक्कल तयार १९ला. म्हणजे दहा दिवस वजा आणि मुदत १२ एप्रिलपर्यंत. अपील आम्ही दाखल केलं २७ मेला. उशीर ४५ दिवस.

काका पिशवीभर कागद घेऊन आले होते. आम्ही कालनिर्णयाची मार्च ते मे ही पानं टेबलावर पसरली आणि एकेका चौकटीत लिहीत गेलो. २० मार्चला आधीच्या वकिलांकडे कागद दिले. २ एप्रिलला फोन, १८ला व्हॉट्सॲप: "साहेब अपील लावलं का?" उत्तर: "करतो." २१ला काका घसरून पडले, २ मेपर्यंत हॉस्पिटलात, १२ पर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती. १५ला कागद परत मिळाले, १६ला माझ्याकडे. मग १६ ते २७ मी काय केलं, तेही लिहिलं. पक्षकाराचा खुलासा द्यायचा आणि वकिलाचे दिवस कोरे सोडायचे, हे चालत नाही.

त्यातला १८ तारखेचा मेसेज मला सगळ्यात मोलाचा वाटला. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच म्हटलंय. पण तुम्ही स्वतः पाठपुरावा केला होता का, हे कोर्ट बघतंच. अमेरिकेत २०१० च्या हॉलंड खटल्यात हाच मुद्दा होता. फाशीच्या कैद्याच्या वकिलाने हेबियस अर्जाची, म्हणजे कैद बेकायदा आहे असं सांगून दाद मागण्याच्या अर्जाची, मुदत घालवली. कैद्याने मात्र तुरुंगातून वकिलाला पत्रांमागून पत्रं लिहिली होती. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पराकाष्ठा नको, वाजवी तत्परता पुरे. पत्रं होती म्हणून ती तत्परता दिसली. तुमच्याकडे पत्रं नसतील, पण फोनची यादी, रिक्षा-एसटीची तिकिटं, ई-कोर्ट्स ॲपवरचे स्क्रीनशॉट असतील. काही पुसू नका.

आता अर्ज. तो अपिलासोबतच द्यायचा, शपथपत्रासह. तारखा क्रमाने लिहा, प्रत्येकीपुढे कागद कोणता ते लिहा. कागद नसेल तर नाही म्हणा. खोटं सर्टिफिकेट आणलंत तर खरा भागही बुडतो. मिनिटामिनिटाचा हिशेब कोणी मागत नाही, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या कातिजी निकालात तसं स्पष्ट आहे. पण सलग पंधरा-वीस दिवस कोरे ठेवू नका. दावा किंवा अर्ज घेऊन चुकून अधिकार नसलेल्या दुसऱ्याच कोर्टात गेला असाल तर कलम १४ वेगळं आहे. तिथे प्रामाणिकपणे आणि तत्परतेने लढल्याचं दाखवलं की तो काळच वजा होतो. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं असेल तर मात्र थांबू नका. तीन महिने आणि वर फार तर ३० दिवस, त्यापुढे कारण कितीही खरं असलं तरी दार बंद.

आणखी एक. अपील दाखल झालं म्हणजे हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाने निकालात दिलेल्या आदेशाची, अंमलबजावणी थांबली, असं नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि उशिराचा अर्ज मध्ये असताना ती सहजी मिळत नाही. जमिनीच्या ताब्याचा प्रश्न असेल तर वकिलांना पहिल्याच दिवशी हे सांगा.

काकांचा उशीर माफ झाला, समोरच्याला खर्च देण्याच्या अटीवर. ती रक्कम आम्ही दुसऱ्याच दिवशी भरली आणि पावती फाइलला लावली.