सॉफ्टनर आहे, तरी नळावर पांढरा थर? या चुका टाळा

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात सॉफ्टनर बसला की पहिले काही महिने घरातले खूश असतात. साबणाला फेस येतो, केस चिकट राहत नाहीत, शॉवरची भोकं बुजत नाहीत. मग कधीतरी बादलीच्या काठावर पुन्हा पांढरी कड दिसू लागते, गिझर पाणी तापवायला जास्त वेळ घेतो आणि ‘मशीन गेलं’ असं म्हणून मेकॅनिकला फोन जातो. अशा तक्रारींत मशीन सहसा धडधाकट असतं. पाणी बदललेलं असतं किंवा वापर वाढलेला असतो, आणि मीठ सोडायचं वेळापत्रक मात्र बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं तेच चालू असतं.

सॉफ्टनरच्या उभ्या टाकीत रेझिनचे मोहरीपेक्षाही बारीक मणी असतात. पाणी त्यांतून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची धरून ठेवण्याची ताकद संपली की मिठाचं घट्ट पाणी सोडून त्यांना पुन्हा सोडियमने भरायचं, म्हणजेच रिजनरेशन करायचं. ही ताकद दिवसांवर मोजता येत नाही. किती लिटर पाणी गेलं आणि ते किती जड होतं, यावर ती संपते.

‘दर रविवारी मीठ टाकतो’ ही पहिली चूक

हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने एकदा करावाच. समजा टाकीत २५ लिटर रेझिन आहे. घरगुती वापरात एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) धरतं असं मानू, म्हणजे एकूण १,२५० ग्रॅम. पाण्याचा कठीणपणा ४०० पीपीएम असेल, तर प्रत्येक लिटरमध्ये ०.४ ग्रॅम. म्हणजे सुमारे ३,१०० लिटर पाणी गेलं की रेझिन संपलं. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चौघांचे ५४० लिटर होतात. सहाव्या दिवशी नळाला पुन्हा जड पाणी येऊ लागणार. त्याच बोअरला उन्हाळ्यात ६०० पीपीएम पाणी लागलं, तर तेच रेझिन चार दिवसही पुरत नाही. त्यात घरी पाहुणे असतील, तर बोलायलाच नको.

आपल्याकडे हा फरक पडतोच. काळ्या कातळाच्या भेगांत साठलेल्या पाण्यात पावसाळ्यानंतर नवं पाणी मिसळतं. एप्रिल-मेमध्ये बोअर खोलवरचं, जास्त क्षारांचं पाणी ओढू लागते. टँकरचं तर विचारूच नका, आज एका विहिरीचं आणि उद्या दुसऱ्या. म्हणून वेळापत्रक वर्षातून निदान तीनदा बदलावं लागतं. स्वयंचलित व्हॉल्व्ह असेल, तर त्यात भरलेला कठीणपणाचा आकडाही तेव्हा बदला. तो आकडा बसवल्यापासून कुणी पाहिलेलाच नसतो.

टीडीएस मीटरने सॉफ्टनर तपासणं

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ‘आत ८५०, बाहेर ८५०, म्हणजे फसवलं’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, एकाच्या जागी दुसरा ठेवतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहणार. तपासायला हवा तो कठीणपणा, आणि त्यासाठी थेंबांचं टेस्ट किट मिळतं. नमुन्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे, बस्स. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० पीपीएम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून आपलं पाणी कुठे बसतं ते पाहा. माझं ठाम मत आहे की सर्व्हिसवर खर्च करण्याआधी हे किट घ्यावं.

याच किटने आणखी एक गोष्ट उघडी पडते. पाइपवर लावायची चुंबकं किंवा नळाला बसवायची लहानशी कार्ट्रिज ‘सॉफ्टनर’ म्हणून विकली जातात. त्यांच्या आधी आणि नंतर थेंब मोजून पाहा. आकडा तोच आला, तर पाणी मऊ झालेलं नाही.

मीठ टाकलं, पण ते मण्यांपर्यंत पोचलंच नाही

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून सावकाश पाहू. २५ लिटर रेझिनला एका वेळी साधारण ३ किलो मीठ लागतं. ते १०-१२ लिटर पाण्यात दोनेक तास आधी भिजवून पूर्ण विरघळू द्या. हाताने चालवायचा व्हॉल्व्ह असेल, तर आधी बॅकवॉश: पाणी खालून वर सोडून मणी मोकळे करायचे, गाळ निघून ड्रेनचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. घाईत ही पायरी गाळली, तर मण्यांचा थर घट्ट बसतो आणि मिठाचं पाणी एकाच वाटेने निघून जातं. त्यानंतर मीठ २० ते ३० मिनिटं सावकाश जायला हवं. पाच मिनिटांत बादली रिकामी झाली, तर बरंचसं मीठ गटारात गेलं समजा. शेवटी खारट चव जाईपर्यंत रिन्स, म्हणजे साध्या पाण्याने धुणं.

मिठाच्या टाकीची पातळी हललीच नाही, तर मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा अडकलाय का, ड्रेनचा पाइप कुठे मुरगळलाय का, मिठाच्या नळीच्या जोडातून हवा घेतेय का, या क्रमाने पाहा. सगळं ठीक असूनही ओढ नसेल, तर दाब कमी आहे. बैठ्या घराच्या गच्चीवरच्या टाकीतून जेमतेम ०.३ ते ०.४ बार दाब मिळतो, कारण १ बारला सुमारे १० मीटर उंची लागते. यंत्राच्या पुस्तिकेत किमान दाब छापलेला असतो. तो मिळत नसेल, तर आधी प्रेशर पंप लावा. कितीही मीठ टाकून ही उणीव भरून निघत नाही.

मीठ कोणतं? स्वच्छ खडे मीठ किंवा सॉफ्टनरच्या गोळ्या. बारीक मीठ टाकीच्या तळाशी दगडासारखं बसतं, मातकट मिठातला गाळ इंजेक्टर बुजवतो. स्वयंचलित यंत्राच्या टाकीत कधी वर मिठाचं कडक कवच धरतं आणि खाली पोकळी राहते. वरून टाकी भरलेली दिसते, पण मीठ वापरलं जात नाही. लाकडी काठीने हलकेच टोचून पाहा.

मण्यांचे शत्रू

बोअरच्या पाण्यात लोह असेल, बादलीला तांबूस डाग पडत असतील, तर सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर हवा. लोह मण्यांवर बसतं आणि नुसत्या मिठाने सुटत नाही. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते, त्या दिवशी बायपास (सॉफ्टनर टाळून पाणी नेणारा व्हॉल्व्ह) उघडा, कारण जास्त क्लोरिनने मणी खराब होतात. काम झाल्यावर तो आठवणीने बंद करा. अर्धवट उघडा राहिलेला बायपास हेही पांढऱ्या थराचं नेहमीचं कारण आहे. सॉफ्टनरमध्ये ॲसिड ओतायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.

नळातून पिवळसर मणी येऊ लागले, तर टाकीतली जाळी फुटली आहे. पाणी लगेच बंद करा, नाहीतर ते मणी गिझर आणि वॉशिंग मशीनच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

स्वयंपाकघरातली पिण्याची आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. ४०० पीपीएमचं पाणी मऊ करताना लिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी ते पिऊ नये, आणि तुळशीलाही ते मानवत नाही. मात्र आरओ असेल, तर त्याला मऊ पाणी द्यायला हरकत नाही. आरओ सोडियम बरंचसं काढतो आणि मेम्ब्रेनवर थरही कमी बसतो. रिजनरेशनचं खारं पाणी झाडांच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात न सोडता थेट ड्रेनेजला जोडा.