जुनी बेसबॉल कार्डं घ्यायची आणि मांडायची कशी

अमेरिकेत राहून बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं, जमवायची असतील तर आधी एक ठरवा, एकच वर्ष किंवा एकच टीम धरा, नाहीतर खिसा रिकामा आणि घरात नुसता पसारा. १९८० च्या दशकाच्या शेवटची कार्डं शक्यतो नकोच, तेव्हा ती इतकी छापली की आजही बहुतेकांना फारसा भाव नाही. खरी मजा १९५०-६० च्या दशकांतल्या टॉप्स या कंपनीच्या कार्डांत. पण खेळाडू मिकी मँटलच्या १९५२ च्या टॉप्स कार्डाच्या (कार्ड नंबर ३११) नकला ढिगाने फिरतात, म्हणून पट्टी जवळ ठेवाच, ओरिजनल साधारण २ ५/८ बाय ३ ३/४ इंच असतं आणि टॉप्सनेच १९८३ मध्ये काढलेलं रीप्रिंट त्याहून छोटं, अडीच बाय साडेतीन. कोपरे झिजलेले चालतात हो, कातरलेल्या कडा मात्र नाही. घरी आणलं की आधी पातळ स्लीव्ह (प्लास्टिकची पिशवी), मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर), रबरबँड तर अजिबात नको आणि जुन्या अल्बमची मऊ पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) पानंही काढून टाका. भिंतीवर लावायचं तर यूव्ही किरणं अडवणाऱ्या काचेची फ्रेम घ्या, तरी खिडकीसमोर नकोच, रंग उडतो. गोंद, टेप लावाल तर कार्ड गेलंच समजा.