नागपूर ते चिखलदरा, घरच्यांना घेऊन गाडीने: काय काय अडतं आणि त्याची तयारी कशी करायची

पाऊस लागला की आमच्या घरी दरवर्षी एकच, चिखलदऱ्याला जाऊ ना. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणजे तेच एक, आपल्याला दुसरं आहे कुठे. नागपूरहून साधारण २३० किलोमीटर, वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत अमरावती, मग परतवाडा आणि तिथून घाट. मोबाईलवर पाच तास दाखवतो पण ते एकट्या माणसाचे पाच तास आहेत. गाडीत सत्तरीच्या सासूबाई, दोन पोट्टे आणि आठवडाभराचं वाटावं इतकं सामान असेल तर सात तास धरा.

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही सकाळी सहाला निघणार होतो आणि मानेवाड्यातून गाडी हलली साडेनऊला, कोणाची अंघोळ राहिली, कोणाचा चहा राहिला, त्यात निघालोच आहोत तर तर्री पोहा खाऊन घेऊ म्हणून अजून अर्धा तास. हे साडेतीन तास संध्याकाळी घाटात भरून द्यावे लागले, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते की वेळ उलटीकडून मोजा. घाट उजेडात चढायचा हे पक्कं. ऑगस्टमध्ये सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, पण वर ढग आणि धुकं असलं की चार-साडेचारनंतरच समोरचं दिसणं कमी होतं. म्हणजे परतवाडा दोनच्या आत सुटलं पाहिजे, म्हणजे अमरावतीला अकरापर्यंत पोचायचं, म्हणजे घरून सहा-साडेसहा. रात्रीच सामान गाडीत टाका, सकाळी फक्त माणसं बसली पाहिजेत.

आणि हा हिशोब ड्रायव्हरच्या दमाने करू नका, गाडीत ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याच्या दमाने करा. आमच्या आईंचे गुडघे दीड तासाच्या वर एका जागी सहन करत नाहीत, त्या स्वतःहून कधीच बोलणार नाहीत, "चालू द्या तुमचं, मी बरी आहे" एवढंच म्हणतील, आणि बाथरूमला थांबावं लागू नये म्हणून पाणीच पिणार नाहीत. म्हणून थांबायच्या जागा निघायच्या आधीच ठरवा, कोंढाळी, तिवसा, अमरावती, आणि तिथे थांबायचंच, कोणी मागो न मागो. त्यांच्या बीपीच्या गोळ्या आमच्याकडून फ्रिजवर राहिल्या होत्या. तिवस्याला लक्षात आलं. गोळीचं नाव कोणालाच पूर्ण येईना, "ती पांढरी, छोटी" यावर कोणता मेडिकलवाला गोळी देईल? शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांच्याकडे आमची किल्ली असते, त्यांनी घर उघडून पट्टीचा फोटो पाठवला तेव्हा अमरावतीत गोळ्या मिळाल्या. आता घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या पट्टीचा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये असतोच. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून ठेवा.

आता उलटी. घाटात पोरांना उलटी होते याचं कारण असं की कान सांगतो आपण हलतोय आणि मोबाईलमध्ये घातलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, मेंदूचा गोंधळ होतो. म्हणून घाट लागायच्या आधीच मोबाईल काढून घ्या, रडले तरी चालतील. ज्याला जास्त होतं त्याला मधल्या रांगेत मधे बसवा म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, शेवटच्या आडव्या सीटवर तर अजिबात नको. काच थोडी खाली. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि गच्च भरूनही नको, परतवाड्याला वडे-भजी खाऊन लगेच घाटाला लागणं म्हणजे त्रास बोलावून घेणं. कोरडी पोळी, मुरमुरे, आलेपाक, एवढ्यावर भागवा. गोळी द्यायची तर डॉक्टरला विचारून आणि घाटाच्या अर्धा-एक तास आधी, उलटी सुरू झाल्यावर दिली तर ती पोटात टिकतच नाही. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी दोन वर्षांच्या आतल्या बाळाला द्यायची नसते, आणि तिने झोप येते म्हणून गाडी चालवणाऱ्याने तर घ्यायचीच नाही. प्लास्टिकच्या पिशव्या डिक्कीत नको, हाताशी, आधी फुंकून बघा फुटकी तर नाही. एक ओला नॅपकिन, एक जोडी कपडे सीटखाली. माझ्या पोराने तिसऱ्याच वळणावर केलं तेव्हा कपडे सगळ्यात खालच्या बॅगेत होते आणि पुतणीने आपलं जॅकेट काढून त्याला घातलं, ते बघून मला भरून आलं, पण बिचारी स्वतः पुढे कुडकुडत बसली.

पंक्चरवर जरा जास्त बोलते कारण आमचा जीव खरा तिथे अडकला. अमरावती आणि परतवाड्याच्या मधे मागचं डावं चाक बसलं, पाऊस चालू, आणि स्टेपनी कुठे तर डिक्कीच्या तळाला, तिच्यावर सगळ्यांच्या बॅगा, चादरी, तांदळाची पिशवी. सगळं रस्त्याच्या कडेला काढून ठेवावं लागलं, भिजलं. आणि एवढं करून स्टेपनी बाहेर काढली तर तिच्यातच हवा कमी. सहा महिने कोणी बघितलंच नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी चार नाही, पाच चाकांची हवा चेक करा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, गाडी फुल असेल तर वेगळा आकडा असतो, तो घ्या. हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, तापलेल्या टायरमधली हवा जास्त दाखवते म्हणून ती सोडायची नाही. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो, मे महिन्यात समृद्धीने शिर्डीला जाणाऱ्यांनी तर हे डोक्यात पक्कं बसवावं, तिथे सरळ सिमेंटचा रस्ता आणि १२० ची लिमिट, फुटला तर सावरायला वेळ नाही.

चाक बदलताना जमीन सपाट बघा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा, माणसं खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. आता मुख्य गोष्ट, नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच. जॅक लावून उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. पण दुकानात नट मशीनने आवळलेले असतात, गाडीसोबत मिळालेल्या छोट्या पान्याने ते हलत नाहीत. नवऱ्याने हाताने खूप जोर केला, हलेना. मग पाना नटाला आडवा लावून त्यावर पायाने हळूहळू वजन दिलं, कट्ट करून आवाज आला आणि सुटला. पाच नट असेच. एक लांब दांड्याचा पाना विकत घेऊन गाडीत टाकून ठेवा, महाग नसतो, आणि घरीच एकदा नट उघडून बघा म्हणजे कळेल तुमच्याने उघडतात का. नवीन चाक बसवताना नट एकामागून एक गोल गोल नाही आवळायचे, एक सोडून समोरचा, असे. थोडं गेल्यावर पुन्हा एकदा आवळून बघायचे. आणि चाकाचं पंक्चर परतवाड्यालाच काढून घ्या, स्टेपनीशिवाय घाटात शिरू नका. आम्हाला तिथे पाऊण तास गेला, सहा वाजले, तरी तो पाऊण तास घालवलाच पाहिजे होता.

घाटात वर जाणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम आहे, पण समोरचा पाळेलच असं धरून चालू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न. धुक्यात हाय बीम लावला तर प्रकाश धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यात येतो, लो बीमच ठेवा, फॉग लाइट असतील तर ते. पार्किंग लाइट चारही लुकलुकत ठेवून चालवू नका, तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं डोकं लावू नका बाप्पा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि लागेनासा होतो. जळका वास आला की रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. चढताना इंजिनचा काटा वर गेला तर एसी बंद करून थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, कोणी कितीही घाई केली तरी, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

बाकीचं पटकन सांगते. पेट्रोल-डिझेल परतवाड्यालाच भरा. फास्टॅगचा बॅलन्स आदल्या रात्री बघा. घाटात आणि जंगलाच्या भागात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा डाउनलोड करून ठेवा, हॉटेलच्या बुकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि निघायच्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याशी बोलून घ्या. शनिवार-रविवारी पावसाळ्यात वर पाय ठेवायला जागा नसते, आम्ही आठला पोचलो तर आमची एक रूम दुसऱ्याला देऊन मोकळे झाले होते, सातही जण एका खोलीत झोपलो. थोडी कॅश ठेवा. रस्त्यात अडकलात तर नॅशनल हायवेवर १०३३, अँब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२, हे मोठ्या पोरांना पाठ करून घ्या.

देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड, सगळं एका दिवसात होत नाही, आईंना सोबत घेऊन तर नाहीच, दोन ठिकाणं नीट बघा. खायची पिशवी हातात दिसली की वानरं झडप घालतात, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन उतरवू नका. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी कोणी जायचं नाही, दगड शेवाळलेले असतात.

परतीला सकाळचं धुकं उठू द्या, नऊ-दहाला उतरा, अमरावतीला जेवण. चालवणारे दोघं असतील तर जेवणानंतर दुसऱ्याने स्टिअरिंग घ्यावं, तिवसा ते कोंढाळी दुपारी हमखास डोळा लागतो. घरी आल्यावर सामान उतरवताना पान्याची पिशवी, पिशव्यांचा पुडका आणि नॅपकिन मात्र गाडीतच राहू द्या, पाना डिक्कीत सगळ्यात वर, बाकीचं सीटजवळ हाताशी.