बाळ गमावलेल्या आईबाबांसाठी चौकोनांचं ब्लँकेट

बाळ पोटातच गेलं किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं, की घरातली माणसं सगळ्यात आधी त्याच्या वस्तू दृष्टीआड करतात. झबली, टोपडी, दुपटी गाठोड्यात बांधून माळ्यावर जातात, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकतात. हेतू चांगलाच असतो. पण आई दवाखान्यातून घरी येते तेव्हा बाळ होतं याची हातात धरता येईल अशी एकही खूण घरात उरलेली नसते. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना जमवून ही ब्लँकेटं करायला लागले. चौकोन ज्याने त्याने घरी विणायचे आणि गुरुवारी दुपारी एकत्र बसून जोडायचे. तुमच्या गल्लीत असं काही सुरू करावंसं वाटत असेल तर कसं करायचं ते सांगते.

आधी माप. सहा इंची चौकोन, आडवे पाच आणि उभे सहा, असे तीस. म्हणजे 30 इंच बाय 36 इंच, त्यावर थोडी किनार. मोठ्या माणसाच्या पांघरुणाएवढं करायचा मोह होतो, करू नका. हे ब्लँकेट अंथरुणावर पसरायला नसतं, मांडीवर घ्यायला आणि छातीशी धरायला असतं. शिवाय एकत्र कुटुंबात त्या पोरीच्या वाट्याला कपाटातला एखादाच खण असतो, तिथे घडी करून मावलं पाहिजे.

लोकर मऊ, मध्यम जाडीची, बेबी वूल म्हणून दुकानात मिळते ती घ्या. ती बहुतेक ॲक्रिलिकची असते आणि या कामाला तीच बरी. कारण सांगते. बाळ गेलं तरी आईच्या शरीराला ते कळत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तिला दूध उतरतं. ब्लँकेट छातीशी धरून झोपली तर ते भिजणार, त्यावर रडणंही होणार. म्हणून ते बादलीत बुचकळून धुता आलं पाहिजे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातही एका दिवसात वाळलं पाहिजे. खरी मेंढीची लोकर इथल्या दमट हवेत लवकर वाळत नाही आणि ठेवणीत तिला कसर लागते. तीस चौकोन, जोडणी आणि किनार मिळून अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. घरातली उरलीसुरली चालते, पण टोचरी नको. गालाला लावून बघा. गालाला खुपली तर बाजूला ठेवा.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. गुलाबी म्हणजे मुलगी, निळा म्हणजे मुलगा, अशी वाटणी करायची नाही. 1994 च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे, त्यामुळे कितीतरी आईबाबांना शेवटपर्यंत ठाऊक नसतं, आणि बाळ फार लवकर गेलं तर नंतरही कळत नाही. रंगावरून आपण का ठरवायचं? नुसतं पांढरंही करू नका, आपल्याकडे पांढऱ्या कापडाचा अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच लागतो. मोतिया, अबोली, फिकट जांभळा, लिंबू, राखाडी, अस्मानी असे शांत रंग मिसळा. हिरवा मी आपण होऊन वापरत नाही, तो ओटीचा आणि हिरव्या चुड्याचा रंग. पण एका आईने तोच मागितला. डोहाळजेवणाला नेसलेली साडी तिने आणून दाखवली, म्हणाली, याच रंगाचे दोन तरी चौकोन घाला. घातले. मागितलं की द्यायचं, एवढाच नियम. ओम, चंद्रकोर, क्रूस, गणपती यातलं काही विणू नका. ब्लँकेट कुठल्या घरात जाणार हे आपल्याला माहीत नसतं.

आता चौकोन. तो खालच्या कडेपासून न विणता कोपऱ्यापासून विणायचा. 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुया घ्या. जुन्या सुयांवर नंबर असतो, नव्यांवर मिलिमीटर, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आईची किंवा सासूची 10 नंबरची सुई हाती लागली तर ती 3.25 मिलिमीटरची आहे, विणकाम घट्ट होईल.

वीतभर धागा मोकळा सोडून दोन टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिल्या टाक्यात दोनदा विणायचं: एकदा पुढून, आणि तो टाका सुईवरून न सोडता एकदा मागून. असा एक टाका वाढतो. बाकीची ओळ सगळी सुलट. उलट टाका यात कुठेच येत नाही, त्यामुळे सुया पहिल्यांदा हातात धरणारीलाही हे जमतं. ओळींमागून ओळी विणल्या की त्रिकोण दिसायला लागतो. सुरुवातीच्या टोकापासून सुईपर्यंतची कड सहा इंच भरली की वाढवणं थांबवा. एक ओळ साधी सुलट विणा. पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे एकेक कमी होत जातो. शेवटचे दोन एकत्र विणले की वीतभर धागा ठेवून कापा आणि राहिलेल्या टाक्यातून ओढून घ्या.

कोपऱ्यापासून विणायचं ते हातांच्या फरकामुळे. एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल. सगळ्यांना तेहतीस टाके घालायला सांगितलं तर कुणाचा चौकोन पाच इंचांचा येतो, कुणाचा सात. कोपऱ्यापासून विणताना टाके मोजायचेच नाहीत, कड मोजायची. घट्ट हाताची बाई मधल्या ओळीला पन्नाशीला पोचेल, सैल हाताची चाळिशीच्या पुढेमागे थांबेल, चौकोन दोघींचा सहाच इंचांचा होईल. पुठ्ठ्याचे सहा इंची तुकडे कापून प्रत्येकीला एकेक देऊन ठेवा. पाव इंच इकडेतिकडे चालतं, अर्धा नाही.

धागा संपला तर मध्येच गाठ मारून नवा लावू नका. गाठ सुटते, आणि हाताला लागत राहते. नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच घ्या आणि दोन्ही टोकं जाड बोथट सुईने निदान दोन इंच आत फिरवून लपवा. आमच्यात एक निवृत्त एस.टी. कंडक्टर काका आहेत. ते विणत नाहीत, पण आलेला प्रत्येक चौकोन पुठ्ठ्यावर लावून बघतात आणि राहिलेली टोकं आत घालतात. त्यांच्या हातून गेलेला चौकोन उसवत नाही. गटात असं एक माणूस हवंच.

क्रोशाचे चौकोन यात मिसळू नका. त्यांचं वजन आणि ताण वेगळा असतो, जोडलेली कड लाटेसारखी वर उठते. क्रोशा येणाऱ्यांनी त्यांचं वेगळं ब्लँकेट करावं, आणि या ब्लँकेटची किनार त्यांच्याकडे द्यावी.

जोडणी मात्र कुणी घरी न्यायची नाही. एकट्या बाईने घरी बसून केली तर ती जास्त सुबक होते, हे मला मान्य आहे. तरीही नाही. त्या आईला तोवर सगळ्यांनी एकच सांगितलेलं असतं, की याबद्दल आता बोलू नकोस. तिच्या बाळासाठी अनोळखी माणसं एका सतरंजीवर बसली होती हे तिला ब्लँकेटवरून दिसलं पाहिजे. तीस चौकोनांत दहा-बारा हात ओळखू येतात, कुठे घट्ट वीण, कुठे सैल. ते झाकायचं नाही.

सतरंजीवर सगळे चौकोन मांडा. एकाच बाईचे किंवा एकाच रंगाचे दोन शेजारी येऊ देऊ नका. तिरक्या रेघा एका चौकोनात उजवीकडे, शेजारच्यात डावीकडे अशा लावल्या की आपोआप नक्षी दिसते. मांडणी पटली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर चहा येईपर्यंत कुणीतरी हलवून ठेवतं. आधी पाच-पाचच्या सहा पट्ट्या करा. जोडायला सगळीकडे एकच रंग वापरा, आम्ही मोतिया घेतो. दोन चौकोनांच्या कडा शेजारी ठेवून बोथट सुई एका कडेच्या उंचवट्यातून घालून समोरच्या उंचवट्यातून काढायची. उंचवट्याला उंचवटा जुळला तर जोड दिसतही नाही. धागा आवळू नका. चार-पाच टाके झाले की जोड दोन्ही हातांनी ताणून बघा, तो चौकोनाइतकाच ताणला गेला पाहिजे.

मग पट्ट्या एकमेकींना. ही लांब शिवण दोघींनी मिळून करायची. एक डाव्या टोकाला बसते, दुसरी उजव्या, आणि मध्यावर भेटतात. दोघींचा ताण सारखा नसतो, म्हणून आधी दर चौकोनाच्या कोपऱ्याला टाचणी लावून घ्या. चार कोपरे भेटतात तिथे हमखास भोक राहतं. तिथे सुई चारही कोपऱ्यांतून फुलीसारखी दोनदा फिरवा, मग पुढे जा. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा.

किनार क्रोशाची. आधी मुक्या खांबांची एक फेरी, मग खांबांच्या दोन, कोपऱ्यात तीन-तीन. जास्त नक्षी नको. झाल्यावर कोमट पाण्यात धुवून टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा. इस्त्री कधीही फिरवू नका, ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. वासाचा साबण, अत्तर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, काहीही नको. ब्लँकेट बिनवासाचंच जाऊ दे, त्याला वास त्या घराचा लागायचा.

ब्लँकेटबरोबर आणखी एक काम करा. चार इंचांचे दोन सारखे चौकोन, शुद्ध सुती दोऱ्याचे. आपल्याकडे बहुतेक घरांत इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, माती देतात. एक चौकोन बाळाबरोबर जातो, त्याचा जोडीदार आईबाबांकडे राहतो. मातीत जायचा म्हणून तो सुती, ॲक्रिलिक तिथे वर्षानुवर्षं तसंच राहील. हे सगळं काही तासांत उरकतं, तेव्हा विणायला वेळ नसतो. अशा जोड्या आधीच करून विभागाच्या सिस्टरकडे ठेवाव्या लागतात.

आता देण्याचं. दवाखान्याची परवानगी घेतल्याशिवाय काही नेऊ नका, आणि परवानगी मिळाली तरी वॉर्डात आपण जायचं नाही. सिस्टर किंवा समुपदेशक यांच्या हाती द्या, कधी द्यायचं ते त्यांना कळतं. नाव विचारू नका. फोटो काढू नका, ब्लँकेट हातात घेतलेल्या आईचा तर मुळीच नाही. साध्या सुती पिशवीत घालून वर चिठ्ठी ठेवा. आमच्या चिठ्ठीत एवढंच असतं: “तुमच्या बाळासाठी आणि तुम्हा दोघांसाठी हे आम्ही काही जणांनी मिळून विणलं आहे. हवं तेव्हा उघडा. आम्हाला काही कळवायची गरज नाही.” चिठ्ठीच्या मागे धुण्याची पद्धत आणि टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. “देवाची इच्छा”, “अजून वय आहे”, “दुसरं होईल” यातलं एक अक्षरही लिहू नका.

“तुम्हा दोघांसाठी” हे मुद्दाम. बापाकडे कुणी बघत नाही. कागदांवर सह्या तो करतो, बाळाला घेऊन तोच जातो, आणि संध्याकाळी घरी सगळे त्याला सांगतात, तू घट्ट राहा, तिला सांभाळ.

घरातली मोठी माणसं कधी नको म्हणतात. एक आजी मला म्हणाल्या, “सिस्टर, हे घरात ठिवलं की पोरीला सारखं तेच आठवणार.” मी म्हटलं, “आजी, ती तसंही विसरणार नाही. ठेवायचं की नाही ते तिलाच ठरवू दे.” त्यांनी पिशवी घेतली. पण कुणी परत केली तर वाद घालू नका. सिस्टरला सांगून ठेवा की कधीही मागितलं तरी मिळेल. काही जणी वर्षाने मागतात, काही दुसऱ्या बाळानंतर. नाव घालून हवं असेल तर कोपऱ्यातल्या चौकोनावर साखळी टाक्याने घाला. बारसं झालेलंच नसतं, तरी पोटावर हात ठेवून हाक मारायचं एक नाव बऱ्याच घरांत असतं. ते सांगतील तसंच लिहा, शुद्धलेखन सुधारू नका.

गटात बाळ गमावलेली आई विणायला आली तर तिला बसू द्या, काही विचारू नका. आमच्यातल्या एक काकी सत्तरीच्या आहेत. त्यांच्या पहिल्या बाळाबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या ते पट्टी जोडताना, खाली मान घालून. कुणी सुई थांबवली नाही. आपलं दुःख मोठं की हिचं, अशी बोलणी सुरू झाली तर विषय हळूच बदला. 15 ऑक्टोबर हा दिवस अनेक देशांत अशा बाळांच्या आठवणीसाठी पाळतात. अमेरिकेत 1988 मध्ये ऑक्टोबर महिना त्यांच्या नावे जाहीर झाला होता, तिथून हे पसरलं. त्या संध्याकाळी सात वाजता मेणबत्ती लावतात. आम्ही त्या दिवशी वार कुठलाही असला तरी जोडणीला बसतो, ज्यांना घरी दिवा लावता येत नाही त्या इथे येऊन लावतात.

ठेवणीचं शेवटी. तयार ब्लँकेटं पूर्ण वाळल्यावरच पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा, आणि पावसाळ्यात ऊन पडलं की तासभर बाहेर काढा. ट्रंक जमिनीवर नको. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या घरांत शिरलं होतं. तुमचं घर नदीच्या किंवा नाल्याच्या बाजूला असेल तर जून लागायच्या आधी ट्रंक वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे तरी नेऊन ठेवा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते गटात दोघींना तरी माहीत असू द्या.