शेजारी युद्ध पेटलं की युरोपच्या एकीकरणाला पाठिंबा वाढतो? असं म्हणण्याआधी या चुका टाळा

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि ‘युरोप एक झाला’ असं जो तो लिहू लागला. झाला का? थोडं थांबून बघू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठिंबा नेमका कशाला, हे न विचारणं. डेन्मार्क घ्या. १ जून २०२२ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणात सामील व्हायला होकार दिला. याच देशाने २००० मध्ये युरो नाकारला होता, २०१५ मध्ये न्याय आणि पोलीस सहकार्य वाढवण्यालाही नकार दिला होता. रणगाडे बघून संरक्षणाबद्दलचं मत हललं. चलन मात्र अजून क्रोनच आहे. तेव्हा आकडा दिसला की आधी प्रश्न वाचा. समाईक संरक्षण, नवे देश आत घेणं, एकत्र कर्ज काढणं, या तिन्हींवर एकाच माणसाची तीन मतं असतात. नाटो ही तर वेगळी लष्करी युती, तिला मिळालेला पाठिंबा संघाच्या खात्यात टाकूच नका.

दुसरी गफलत नकाशा बघून होते: जितकं जवळ, तितका पाठिंबा जास्त. मोल्दोवा युक्रेनला खेटून आहे. तरी २० ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात युरोपीय संघात जाण्याच्या बाजूचा कौल ५० टक्क्यांच्या जेमतेम वर गेला, तोही परदेशातल्या मतदारांमुळे. देशातल्या मतपेट्यांत ‘नको’ पुढे होतं. भीती तीच, पण एकाला वाटतं ‘लवकर आत शिरा’, दुसऱ्याला ‘रशियाला डिवचू नका’.

तारीख न बघणं ही जुनी खोड. कोरियातलं युद्ध १९५० मध्ये भडकलं तेव्हा फ्रान्सनेच युरोपच्या समाईक सैन्याची कल्पना मांडली. १९५३ मध्ये स्टालिन गेला, कोरियात शस्त्रसंधी झाली, आणि ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने त्या समाईक सैन्याचा करार बुडवला. इतरही कारणं होती, पण धास्ती ओसरल्याचा वाटा होताच.

आणि आधी-नंतरची तुलना करायची तर युद्ध सुरू झालं तेव्हा चालूच असलेलं सर्वेक्षण शोधा: काहींनी उत्तरं हल्ल्याआधी दिलेली, काहींनी नंतर. फक्त एक बघा, उशिरा सापडणारे लोक मुळातच वेगळे असतात. दिवसभर कामावर असलेला तरुण सर्वेक्षकाला तिसऱ्या फेरीत भेटतो, निवृत्त माणूस पहिल्याच फेरीत. वय, शिक्षण जुळवून न घेता काढलेला फरक युद्धाचाच असेल असं नाही, दार कोणी उघडलं याचाही असू शकतो.