कॅलेला जाण्याआधी गाडी अशी बघ

पुतण्या, सोलापूर मार्केट यार्डातून कांदा भरून मी तीस वर्षं गाडी हाकली. ताडपत्रीखाली फुकटे प्रवासी बसायचे, आपण हसून उतरवायचो. फ्रान्सच्या कॅले बंदरातून ब्रिटनला जाणाऱ्या तुझ्या लाइनीवर ते हसण्यावारी नेऊ नको. गाडीत लपलेला एक माणूस सापडला की ब्रिटनमध्ये १०,००० पौंडांपर्यंत दंड बसू शकतो.

बंदराच्या अलीकडे शेवटचा मुक्काम शक्यतो टाळच. चहाला थांबलास तरी परत आल्यावर दाराच्या सीलचा नंबर कागदाशी ताडून बघ, नुसतं लटकतंय म्हणून सोडू नको. ताडपत्रीची दोरी हाताने ओढून बघ. टपावर चीर आहे का, चाकांच्या वर, केबिनच्या मागे, सगळीकडे बॅटरी मार. तपासल्याची वेळ लिहून ठेव.

आतून ठोका ऐकू आला तर? गाडी पुढे दामटू नको, एकट्याने दारही उघडू नको. ११२ या आणीबाणीच्या नंबरावर फोन लाव. २००० साली ब्रिटनच्या डोव्हर बंदरात टोमॅटोच्या गाडीत ५८ चिनी माणसं गुदमरून मेली, हवेची झडप बंद होती. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्याच एसेक्सला ३९ व्हिएतनामी. गाडी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारी बंद गाडी असेल, तर फोनवर आधी तेच सांग.

आणि कुणी ‘फक्त दोघं आहेत’ म्हणत नोटा दाखवल्या तर काच वर कर.