मुलगा छान गातो ना? मग आवाज फुटायच्या आधी हे वाचा

मुलाला शास्त्रीय गायनात पहिलं बक्षीस मिळालं की आठवड्याभरात घरी गर्दी होते. गणपती मंडळाचं बोलावणं येतं, एखादा मामा तानपुरा घेऊन द्यायला निघतो, कुणीतरी टीव्हीवरच्या ऑडिशनची जाहिरात पाठवतं. सगळ्यांना ‘बघू’ म्हणा. पेढे वाटा, व्हिडिओ आजीला पुन्हापुन्हा दाखवा, पोराचं कौतुक करण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. फक्त पोरगा अकरा-बारा वर्षांचा असेल तर पुढच्या वर्षभराचे कार्यक्रम आत्ताच कबूल करून बसू नका.

त्याचा आवाज फुटणार आहे. हो, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण आपली समजूत अशी असते की एके दिवशी पोरगा घोगरा बोलायला लागेल आणि मग कळेलच. आमच्याकडे बोलण्यात काहीच कळलं नाही. आधी गेले ते वरचे सूर. आमचा मुलगा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, भूप राग गायचा, आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, जायची वेळ आली की तान त्याच्या आधीच्या धैवतावरूनच परत फिरवायचा. इतक्या सफाईने, की पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसलेल्या मला ती गाण्यातली नवी हरकत, नवी नक्षी वाटली! साथीला बसलेल्या तबलजींनी कार्यक्रमानंतर हळूच विचारलं, “वहिनी, हा वरचा सा का चुकवतोय?”

गाणारी मुलं हुशार असतात, आणि आपण खूश आहोत हे त्यांना दिसत असतं. ती सांगत नाहीत. म्हणून तुम्ही ऐका. सूर लागण्याआधी नुसती हवा येते का, लांब ओढलेला सूर मध्येच तुटतो का, पूर्वी आवडीने म्हणायचा ती बंदिश आता ‘नको, दुसरी म्हणतो’ असं होतं का. यातलं काहीही दिसलं की ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध यांच्या मागे लागू नका. ती सर्दी नाही. स्वरयंत्र वाढतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होताहेत, आणि हे सगळं संपेपर्यंत मुलाचा आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. कुणाचं काही महिन्यांत उरकतं, कुणाचं वर्ष-दीड वर्ष चालतं. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, पण एवढी उलथापालथ होत नाही.

खरा धोका आवाज फुटण्यात नाहीच. धोका आहे तो जुनी पट्टी धरून ठेवण्यात. ‘स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय, तेवढी होऊ दे’ असं आपण म्हणतो आणि पोरगा मान वर करून, जबडा आवळून, गळा दाबून तो सूर काढतो. कसाबसा निघतोही. आवाज पुढे आपोआप स्थिरावतो, पण गळा दाबायची सवय सहज जात नाही. ती काढायला फार वेळ लागतो. म्हणून स्पर्धा सोडा. स्पष्टच सांगते, त्या वयातली ढाल पुढे कुणी विचारत नाही.

तर पट्टी उतरवा. आज काळी दोन, महिन्याने कदाचित पांढरी एक. जिथे सहज लागेल तिथे, हलक्या आवाजात, थोडाच वेळ. ‘पहाटे उठून दोन तास खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, घासा, आवाज तयार होईल’ हा सल्ला मोठ्यांसाठी असेल तर असो, तेरा वर्षांच्या कोवळ्या गळ्याला तो देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आवाज काही आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला किंवा दुखायला लागला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

गुरूंबद्दलही एक सांगते, राग आला तरी चालेल. जो गुरू या काळात कार्यक्रम कमी करायला सांगतो, त्याला सोडू नका. आणि जो मुलाच्या प्रत्येक सुराबरोबर पेटी वाजवत राहतो, त्याच्यापासून जरा जपून. बदलत्या आवाजात मुलाला स्वतःचा सा शोधायचा असतो, पेटी त्याला तयार सा हातात देते. तानपुरा लावा, ॲपवरचासुद्धा चालेल.

मामाच्या तानपुऱ्याचं म्हणाल तर मिरज आम्हाला जवळच. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बायकांच्या पट्टीचा तानपुरा वेगळा, पुरुषांचा वेगळा, भोपळ्यापासून तारांपर्यंत फरक. आज मुलाच्या उंच पट्टीला घेतलात तर दोन वर्षांनी तो कोपऱ्यात उभा राहील. मामांना म्हणावं पैसे बाजूला ठेवा.

गाण्याच्या परीक्षांची घाई करणारेही भेटतील, कारण दहावीला कलेचे वाढीव गुण असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला. दहावी जवळ नसेल तर एक-दोन सत्रं सुटली म्हणून काही बिघडत नाही. त्या वेळात बंदिशी पाठ करा, स्वरलिपी लिहायला शिकवा, तबल्याला घाला. आमच्या पोराला तबल्यामुळे लय अशी काही पक्की बसली की समेवर यायची पूर्वीची धडपड गेली. गाणं बंद पडलं तर, ही भीती मलाही रात्र-रात्र होती. बंद पडलं नाही.

आता तो काळी एकला स्थिरावतोय. तान पूर्वीसारखी चपळ नाही, आजीच्या मते तर आधीचाच आवाज गोड होता, आणि ती हे त्याच्यासमोर म्हणते. मंडळाच्या मध्यमा प्रथम या परीक्षेचा फॉर्म येत्या सत्राला भरायचा की पुढच्या, हे तो आणि त्याचे सर ठरवतील. फी मी काढून ठेवलीय.